संध्याकाळपुरती माघार

दामोदर, तुझ्या फोटोतले बोट त्यांनी कापले.

शोकसभेच्या व्यासपीठावर ठेवलेला तो फोटो मी पाहताक्षणी ओळखला. प्रयोगशाळेच्या एका चहापानाच्या वेळी कुणीतरी काढलेला. मूळ फोटोत तुझा उजवा हात वर आहे, तर्जनी रोखलेली आहे, तोंड अर्धे उघडे आहे. आणि चौकटीच्या दुसऱ्या टोकाला मी आहे, हातात कपबशी, तुझ्याइतकाच संतापलेला. संस्थेच्या मंडळींनी त्यातून मला वगळले ते योग्यच झाले, शोकसभा माझी नव्हती. पण त्यांनी तुझा हातही वगळला. उरला तो एक सौम्य, किंचित भांबावलेला गृहस्थ, पुढचे वाक्य विसरल्यामुळे थांबलेला असावा तसा. त्या गृहस्थाशी माझी ओळख नाही. दुर्दैव असे की पुढचा तासभर सगळे वक्ते त्या गृहस्थाविषयीच बोलले.

संचालक म्हणाले, तू शांत, मितभाषी आणि अजातशत्रू होतास. मी आढ्याकडे पाहिले. बाहेरगावचा पाहुणा व्याख्यानाचे पहिलेच चित्र दाखवतो न दाखवतो तोच शेवटच्या रांगेतून उठून, "यात जिवाणू कुठाय?" असे विचारणारा माणूस मितभाषी? तुला शत्रू नव्हते हे मात्र खरे. ज्यांना तू फाडून काढलेस ते तुझ्याशी वैर धरण्याऐवजी पुढचा प्रयोग नीट करू लागले. पण हे श्रेय तुझ्या मवाळपणाला देणे म्हणजे तुझ्यावर अन्याय आहे.

दुसरे वक्ते म्हणाले, उरणकडच्या मिठागरात राबणाऱ्या कुटुंबातल्या मुलाने परिस्थितीवर मात केली. हेच वाक्य तुझ्या निरोप समारंभात कुणी उच्चारले होते, तेव्हा तू मध्येच माईक ओढून घेतला होतास. "माझा बाप मीठ पिकवायचा. ती परिस्थिती नव्हती, बाप होता. त्याच्यावर मी मात कशाला करू?" सभागृह हसले होते. तू हसला नव्हतास.

तिसऱ्याने तर कमाल केली. जिवाणूचे ते प्रसिद्ध प्रथिन तुला योगायोगाने सापडले, असे त्याने भरसभेत सांगितले. जिवाणूचे एकेक जनुक मोडायचे, त्या मोडक्या जिवाणूला पेशींत सोडायचे आणि आत गेल्यावर तो जगतो की मरतो हे पाहायचे, असे किती काळ तू बसून काढलेस हे मी शेजारच्या टेबलावरून पाहिले आहे. तुझे जेवणाचे डबे न उघडता उरणला परत जात, आणि त्याबद्दल तुझ्या घरी काय ऐकावे लागे हेही मला ठाऊक आहे. याला योगायोग म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी वाट पाहिलेली नसावी.

एवढे सगळे मी गिळले. माझे वय झाले आहे, गुडघे दुखतात आणि सभेत उठून उभे राहणे पूर्वीइतके सोपे नाही. पण शेवटी मीनल उठली.

मीनल आपली विद्यार्थिनी, आता आपल्याच प्रयोगशाळेची प्रमुख. तुझ्यावर तिचे प्रेम होते आणि तिने ते चांगले व्यक्त केले. मग ती म्हणाली, "दोन्ही सरांचा वाद सगळ्यांना माहीत आहे. आपलं प्रथिन पेशीत नेमकं कुठे जातं, यावर ते आयुष्यभर भांडले. पण मी साक्षीदार आहे. शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलमध्ये, दामोदर सरांनी मोठ्या मनानं मान्य केलं. मी दारात उभी होते. ते म्हणाले, 'तुजाच खरा, मास्तर.' वाद मिटला. शांतपणे गेले सर." आणि तिने जाहीर केले की मार्गिकेत तुझ्या नावाचा जो फलक लागणार आहे, त्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मी काढलेले पेशीचे चित्र असेल आणि त्याखाली हे वाक्य असेल: 'अखेरीस त्यांनी सहकाऱ्याचे म्हणणे उदार अंतःकरणाने स्वीकारले.'

लोकांनी डोळे पुसले. काहींनी माझ्याकडे वळून कौतुकाने मान हलवली. मी उठलो.

"हे खोटं आहे."

"सर, मी स्वतः ऐकलंय," मीनल म्हणाली.

"तू ऐकलंस ते खरं आहे. त्यावरून काढलास तो निष्कर्ष खोटा आहे. हेच शिकवलं का आम्ही तुला?"

"सर, आजच्या दिवशी तरी..." संचालक पुटपुटले. मागून कुणीतरी म्हणाले, "अहो सर, तुमचंच तर कौतुक चाललंय!"

"नकोय मला. दामोदरनं काही मान्य केलेलं नाही. वाद चालू आहे."

सभेत जी कुजबुज पसरली ती तुला आवडली असती. मग संचालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले, दुःखाने माणूस कसा विचलित होतो याविषयी दोन वाक्ये बोलून सभा आटोपली, आणि बाहेर चहाच्या टेबलापाशी माझ्याभोवती एक वर्तुळ मोकळे राहिले. मी विचलित नव्हतो. त्या सभागृहात तुला ओळखणारा मी एकटा होतो, एवढेच.

आता वाद काय होता ते लिहितो. तुला सांगायला नको, पण हे दुसरेही वाचतील, आणि त्यांच्या हाती नुसती दंतकथा लागू नये.

हा जिवाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःभोवतीच्या एका पिशवीत राहतो आणि सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिने पेशीच्या पोटात सोडतो. पेशीच्या आत मोठा संसार असतो: मध्ये केंद्रक, त्याच्याभोवती पसरलेली पातळ पडद्यांची जालिका, आणि ऊर्जा पुरवणाऱ्या, धाग्यांसारख्या तंतुकणिका. एवढ्या दाटीत त्या परक्या प्रथिनाला स्वतःची जागा अचूक सापडते. कुणी थेट केंद्रकात जाते, कुणी पेशीच्या सांगाड्याला चिकटते, आणि तिथे बसून पेशीचा कारभार जिवाणूच्या सोयीने फिरवते. जागेचा पत्ता बहुधा प्रथिनाच्या अंगावरच लिहिलेला असतो, कधी डोक्याकडे, कधी शेपटीकडे. आपल्या प्रथिनाला तू जावई म्हणायचास. परक्या घरात पाऊल टाकताच बसायची जागा ज्याला कुणी दाखवावी लागत नाही, तो जावई.

जावई कुठे बसतो? माझे म्हणणे, तंतुकणिकांवर. मी प्रथिनाला चमकणाऱ्या प्रथिनाचा दिवा जोडला, पेशीकडूनच ते भरपूर तयार करवून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतुकणिकांचे सगळे धागे दिवाळीसारखे उजळले. तेच ते चित्र, जे पाठ्यपुस्तकांत गेले आणि आता तुझ्या फलकावर जाऊ पाहत होते. तुझे म्हणणे, तो तंतुकणिकांवर बसतच नाही. जिथे तंतुकणिका आणि जालिका एकमेकींना टेकतात त्या सांध्यावर बसतो. दोन शेतांच्या मध्ये बांध असतो तसा तो सांधा. स्निग्ध पदार्थांची आणि कॅल्शियमची देवघेव तिथूनच होते, पेशीने जगायचे की मरायचे याचे पुष्कळसे तिथेच ठरते. "घरात नाय रे, बांधावर," असे तू टेबलावर बोट आपटून सांगायचास. एरवी तुझी भाषा माझ्याहून प्रमाण. आपला वाद निघाला की उरण बाहेर यायचे.

"मास्तर, द्रोणागिरीला ये एकदा," तू म्हणायचास. माझे वडील शिक्षक होते आणि मी समजावण्याच्या सुरात बोलतो, या दोन गुन्ह्यांबद्दल तू मला मास्तर केले होतेस. "कंटेनरचं यार्ड भरलं की ट्रेलर बाहेर रस्त्यावर उभे ऱ्हातात, लांबच लांब. तू त्यांच्याकडं बघून म्हनशील, रस्ता हाच यांचा पत्ता! अरे, तू पेशीत एवढा माल कोंबलास, तो सांडनारच. जिवाणू मोजकाच माल सोडतो. तो कुठं जातो ते दाखव."

"मोजका माल दिसत नाही. जे दिसत नाही ते तू कशावरून बोलतोस? पेशी दळतोस, पीठ गरगर फिरवून त्याचे थर लावतोस, आणि मग पिठाला विचारतोस, पाहुणा कुठल्या खोलीत बसला होता?"

"पीठ खोटं बोलत नाय."

"पीठ बोलतच नाही."

आणि तुझा दुसरा आक्षेप, ज्याला मी कधीही फारशी किंमत दिली नाही: माझा दिवा शेपटीला जोडलेला आहे, आणि पत्ता शेपटीकडे असेल तर मी तो झाकून टाकला आहे. मी दिवा डोक्याकडे जोडून पुन्हा चित्र काढले. धागे तसेच उजळले. तू म्हणालास, माल अजून जास्तच आहे. मी म्हणालो, तुझ्या समाधानासाठी मी अंधाराचे फोटो काढू का?

या वादापायी एकदा आपण एकमेकांशी बोलायचे थांबलो होतो, आठवते? तू घरीही बोलेनासा झालास, तेव्हा सुमनवहिनी थेट प्रयोगशाळेत आल्या. तुझ्या पत्नीला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते त्या दिवशी. हातात एक कापडी खोळ होती, घरच्या जुन्या पडद्याची शिवलेली. "हे घ्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी हे तुमच्या त्या यंत्रावर घाला आनि भांडन त्याच्या आत ठेवून घरी या. माज्या घरात त्याला जागा नाय."

आणि आपण नियम केला. रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी दोघांपैकी एकाने माघार घ्यायची. पाळीपाळीने, एक दिवस मी, एक दिवस तू. त्या दिवशी कुणाचा मुद्दा वरचढ ठरला याचा माघारीशी संबंध नाही. ज्याची पाळी, त्याने सूक्ष्मदर्शकावर खोळ घालायची आणि 'तुझंच खरं' म्हणायचे. मोबदल्यात दुसऱ्या दिवशी सकाळी खोळ काढण्याचा मान त्याचा आणि पहिला शब्दही त्याचा. विद्यार्थ्यांना आपण हे कळू दिले नाही. वाद खरा होता. त्याला वेळापत्रक आहे असे कळले असते तर त्यांनी तो नाटक समजून सोडून दिला असता. निवृत्तीनंतरही आपण त्याच यंत्रापाशी भेटत राहिलो आणि नियमही तसाच पाळत राहिलो. लोक म्हणतात, वादामुळे आपली मैत्री धोक्यात आली. साफ चूक. आपण एकमेकांना मित्र असे कधी म्हटलेदेखील नाही. आपल्याला त्याची गरज पडली नाही. आपल्याला उद्या सकाळ होती.

तू आजारी पडलास आणि नियम रुग्णालयात आला. खोळ नव्हती, म्हणून ज्याची पाळी असेल त्याने आपला चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवायचा असे ठरले. शेवटच्या भेटीच्या आधीच्या भेटीत पाळी माझी होती. मी चष्मा मिटला आणि तुला म्हणालो, "तुझंच खरं." तेव्हा दारात कुणी नव्हते. मीनल त्या दिवशी आली असती तर आज फलकावर माझी शरणागती कोरली गेली असती, आणि तू शोकसभेत हसत बसला असतास. तुझ्याच शोकसभेत, म्हणजे तुला ते जास्तच आवडले असते.

शेवटच्या दिवशी तू थकलेला होतास, पण मुद्दा थकला नव्हता. "अर्धा दिवा लाव," तू म्हणालास. दिव्याचे दोन तुकडे करायचे. छोटासा तुकडा जिवाणूच्या प्रथिनाला, मोठा तुकडा पेशीत मोकळा. जिवाणूने स्वतःच्या सुईने प्रथिन आत सोडले की दोन्ही तुकडे जुळतील आणि तेवढेच उजळेल. मालही जिवाणूचा, मापही जिवाणूचे. त्यासाठीचे जिवाणू तू मीनलकडून तयारही करवून घेतले होतेस. ते शीतपेटीत निजून होते. मी आक्षेप घेतला. तू आक्षेपावर आक्षेप घेतलास. परिचारिका दोनदा डोकावून गेली. मग तू चष्मा काढलास, घरात ठेवलास, घर पट्कन मिटलेस आणि म्हणालास, "तुजाच खरा, मास्तर. जा आता."

पाळी तुझी होती, दामोदर. एवढेच घडले. सकाळी पहिला शब्द तुझा होता, आणि सकाळ झाली ती तुझ्याशिवाय.

हे सगळे मी मीनलला सांगितले. ती नम्रपणे ऐकत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता. "सर, रागावू नका. पण याला दुसरं कुणी साक्षी आहे का?" प्रश्न बरोबर होता. शिकवण अगदीच वाया गेलेली नाही. मी म्हणालो, आहे.

नेरुळहून मी उरणला गेलो. वाटेत द्रोणागिरीपाशी ट्रेलरांची ती रांग उभी होती, लांबच लांब, आणि मी सवयीने मनातल्या मनात तुला एक प्रत्युत्तर दिले. ते चांगले होते. ऐकायला कुणी नव्हते.

वहिनी ओटीवर बसल्या होत्या. माझे येणे त्यांना अपेक्षित होते. शोकसभेची बातमी माझ्या आधी पोचली होती.

"भावोजी, सभेत उठून भांडलात म्हने."

"भांडलो."

"कशाला? मिटलं असं लोक सांगतात तं मना बरं वाटतं. इतकी वर्सं जळलं ते भांडन घरात नसलं तरी मनात होतंच त्यांच्या. जाताना तरी मोकळं होऊन गेले, असं वाटतं. ऱ्हाऊद्या ना."

त्या बाईने तुझी वाट पाहण्यात एवढे आयुष्य काढले. आता शेवटी हाती आलेले एक सोयीचे वाक्य मी तिच्याकडून काढून घ्यायला आलो होतो. कशासाठी? माझ्याच विजयाविरुद्ध लढायला. मला क्षणभर परत फिरावेसे वाटले. मग भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे नजर गेली. तो कुठल्याशा लग्नातला होता, आणि त्यातही तू कुणालातरी काहीतरी पटवून देत होतास.

"वहिनी, एकच विचारतो. त्या दिवशी पाळी कुणाची होती?"

तू घरी पोचलास की चप्पल काढण्याआधी त्या विचारायच्या, "आज पाळी कुनाची होती?" आणि तुझी असेल तर जेवायला जास्त वाढायच्या, हे तूच मला सांगितले होतेस. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी हलले. आधी रडू येईल असे वाटले. आले ते हसू.

"त्यांचीच," त्या म्हणाल्या. "सकाळीच मना म्हनले, 'आज माजी पाळी हाय. मास्तर खूश होऊन जाईल. उद्या बघतो त्याला.'" पदराने डोळे पुसत त्या हसतच राहिल्या. "उद्या बघतो त्याला! बोलायला दम नव्हता अंगात, आनि उद्या बघतो म्हने!"

मग त्यांनी स्वतःच फोन मागितला. "मीनल, मी काकू बोलते. ते वाक्य काढ गो. ते भांडन मिटवून नाय गेले. भांडत गेले. हां, हां, मना माहीत हाय, तुजं मन चांगलं. पन काढ." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "हे बरं वाटलं, भावोजी. मोकळं होऊन गेले म्हनत होते लोक, तं मना वाटायचं, हे कोन दुसरंच मानूस गेलं का काय." आणि चहा टाकायला आत गेल्या.

कुणी म्हणेल, यात मी उदारपणा दाखवला. मुळीच नाही. मला माझा विजय हवाच आहे, पण तो तुझ्याकडून हवा आहे, तुझ्या डोळ्यांदेखत, तुझा शेवटचा आक्षेप खोडून. गेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यांनी लिहून दिलेला विजय मी घेणार नाही. आणि मला हेही ठाऊक आहे की माझ्या जागी तू असतास तर असाच उभा राहिला असतास, माझ्याहून मोठ्या आवाजात.

माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती तेव्हा पट्टी बांधलेल्या माझ्याशेजारी बसून तू मला चित्रे वाचून दाखवलीस. माझीच चित्रे. एकेक पेशी. "ही तुज्या बाजूनं. ही पन तुज्या बाजूनं. ही... हिच्यात मना बांध दिसतोय, पन मी ही धरत नाय, धुरकट हाय." मी आंधळा होतो, आणि माझ्या आयुष्याच्या कामाची तपासणी माझ्या एकमेव प्रतिस्पर्ध्याच्या हाती होती. डोळे उघडल्यावर मी ती सगळी चित्रे पुन्हा तपासली. तुला वाईट वाटले नाही, तुला ते अपेक्षितच होते. एकही शब्द बदलावा लागला नाही. आभार मानायचे राहिले. तेव्हा मानले असते तर तू मला खोलीबाहेर काढले असतेस. आता मानतो, आता तुझा इलाज नाही.

उरणहून परतल्यावर मी मीनलला म्हणालो, "फलकाचं नंतर बघू. दामोदरचा पहिला शब्द बाकी आहे. तो आधी होऊ दे." ती समजली. शीतपेटीतले जिवाणू तिने जागे केले, अर्धा दिवा असलेल्या पेशींत सोडले. सोबतीला, सुई मोडलेले जिवाणूही घेतले. त्यांना काही आत सोडताच येत नाही, म्हणून तिथे उजेड दिसता कामा नये. सगळ्या काचपट्ट्यांवरची नावे तिने कागदाच्या पट्टीने झाकली. आपली जुनी पद्धत: ज्याने पट्टी तयार केली त्याने निकाल वाचायचा नाही, जो पाहतो त्याला ती कुठली हे ठाऊक नको.

काल दुपारी मी पाहायला बसलो. नव्या यंत्रात चित्र पडद्यावर उमटते. भिंगाला डोळा लावायची गरज राहिलेली नाही, तरी मी लावला. काही पट्ट्या पूर्ण काळ्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या. मग एक आली आणि मी हात मागे घेतला. धागे उजळले नव्हते, दामोदर. धाग्यांवर बारीक ठिपके होते, एकमेकांपासून सुटे, आणि मीनलने जालिकेचा रंग वर चढवला तेव्हा ठिपका न ठिपका धागा आणि जालिका टेकतात तिथे होता. मी दुसरी पट्टी मागितली, मग तिसरी. पुन्हा पहिली. मग मीनलने नावांवरचे कागद काढले: काळ्या पट्ट्या सगळ्या सुई मोडलेल्या जिवाणूंच्या होत्या.

"माझी जुनी चित्रं खोटी नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत, सर."

"घर भरलं की जावई सगळ्या खोल्यांत बसतो. तेही सत्यच आहे."

"हो, सर."

"हो हो काय करतेस? आक्षेप घे."

ती हसली. मग तिने आपला आक्षेप घेतला, आणि तो बरा होता. आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. निघताना तिने कपाटातून वहिनींनी शिवलेली खोळ आणली. रंग उडालेला आहे आणि नव्या यंत्राला ती आखूड पडते. भिंगांपुरतीच झाकली जाते.

"सर, आज पाळी कुणाची?"

रातोरात छापून घेतलेला फलक आज सकाळी लागला. ते वाक्य त्यावर नाही. चित्रे दोन आहेत, माझे आणि कालचे, शेजारी शेजारी, आणि खाली लिहिले आहे, 'वाद चालू आहे.' फोटो मूळचा, बोटासकट. मला मात्र मीच कापायला लावले, त्यामुळे ते बोट आता मार्गिकेतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर रोखलेले असते. नवे विद्यार्थी त्याच्यासमोरून जाताना किंचित बाजूला सरकतात, हे मी स्वतः उभा राहून पाहिले.

आणि तुला सांगायचे ते हे. हे अर्धे दिवे एकदा जुळले की पुन्हा सुटत नाहीत. मग तुझा जावई त्या बांधावर बसला होता, की बांध ओलांडताना दिवे जुळले आणि तो तिथेच अडकला? याचा विचार तू केलेला नाहीस. किंवा केला असशील आणि उत्तर तयार ठेवून गेला असशील; तुझा भरवसा नाही.

पण ते नंतर. काल पाळी माझी होती. मी मीनलच्या हातून खोळ घेतली, भिंगांवर नीट ओढली, चारी बाजूंनी खाली केली आणि तिच्यासमोर, साक्षीदारासमोर, स्पष्ट आवाजात म्हणालो, तुझंच खरं, दामोदर.

पहिला शब्द आता माझा आहे.